काचकाकूच्या धुण्यावर धुणं

काचकाकू एकवीस वर्षं प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. नवरा म्हणतो, "जन्मभर भांडी घासतेय, पण खरकटं म्हणून कधी बघितलं नाही हिनं."

तिथं रक्त तपासायची पट्टी बनते, बोटाएवढी. काळजाला इजा झाली की रक्तात एक प्रथिन उतरतं. ते पट्टीवर अडकलं की वीज किंचित बदलते आणि यंत्रावर आकडा उमटतो. त्यासाठी पट्टीवर सोन्याचे कण बसवतात, डोळ्याला न दिसणारे. इतकं बारीक सोनं पाण्यात पिवळं नसतं, डाळिंबाच्या रसासारखं तांबडं असतं. कण एकमेकांना चिकटले की निळं पडतं. मग ओतून द्यायचं.

त्या आठवड्यात तीनदा निळं पडलं. ते बनवणारा संशोधक, सगळे त्याला उंच्या म्हणत, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसमोर म्हणाला, "काकूंच्या भांड्यांना साबण राहतोय."

"नाचता येईना, अंगण वाकडं," काकू म्हणाली.

मॅडमनी एवढंच सांगितलं, "आणखी एकदा बिघडलं तर धुण्याचं काम बाहेर देईन."

काकूला चोपन्नावं लागलेलं. या वयात नवीन दारात कोण उभं करतंय?

दुसऱ्या दिवशी भांडी ठेवून ती हलली नाही. हात पुसत बघत राहिली. उंच्यानं तिनं वाळवलेला चंबू घेतला, फळीवरच्या बाटलीतून आत पिचकारी मारली, हलवून उपडा केला आणि सोनं ओतायला निघाला.

"थांब. हे काय रे?"

"तुमच्या धुण्याचा भरवसा नाही, म्हणून परत विसळतो."

"कशानं?"

"बफरनं, पट्ट्या धुवायच्या द्रावणानं. शुद्ध असतं ते."

"असेल. पण ती बाटली पण मीच धुते ना. सुकली की तिच्या तोंडाशी पांढरी पापडी धरते. मिठाची."

उंच्यानं चंबू खाली ठेवला. मीठ लागलं की सोन्याचे कण चिकटतात, हे त्यानंच आपल्या प्रबंधात पानभर लिहिलं होतं.

काकूनं मॅडमना बोलावून आणलं. टेबलावर दोन चंबू मांडले, एक तिनं धुतलेला, एक त्यानं वर विसळलेला. दोन्हींत सोनं ओतलं. पहिला तांबडाच राहिला. दुसरा बघता बघता जांभळा झाला आणि मग निळा.

"बाहेर द्यायचंच असेल मॅडम, तर याचं विसळणं द्या," काकू म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चंबूंच्या कपाटाची किल्ली उंच्याकडून मागून घेतली आणि काकूच्या ओल्या हातात ठेवली.