पगारेनानांचं शेवटचं प्रकरण

पगारेनाना माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले, की बाकावर टेकायच्या आधी चहाचा पंचनामा करायचे. "सदर चहा थंड व फिका अशा अवस्थेत मिळून आला." समोरच्याच पोलीस ठाण्यात तीस वर्षं लिखापढी करून ते निवृत्त झालेले. इतकं अस्सल पंचनाम्यात बोलणारा माणूस अख्ख्या नाशकात मी दुसरा पाहिला नाही.

नाना कादंबरी लिहीत होते. दिंडोरीकडच्या एका गावात द्राक्षांचे क्रेट चोरीला जातात. चोर सापडतो, द्राक्षं पुरावा म्हणून ठाण्यात जमा होतात आणि तिथेच एकेक घड करत संपतात. मग पुरावा नाही म्हणून चोर सुटतो आणि खोटी तक्रार दिली म्हणून बागायतदारच आत! प्रत्येक पंचनाम्यावर पंच एकच, ठाण्यासमोरचा चहावाला, न वाचता सही ठोकणारा. नाना निळ्या वहीतून वाचून दाखवायचे आणि मी पोट धरून हसायचो. "नाना, एक झेरॉक्स काढून ठेवू का?" असं मी कितीदा विचारलं. "शेवटचं प्रकरण होऊ दे रे. शेवट सापडत नाहीये," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि मी गाढव, ऐकत राहिलो.

ठाण्यात नवे साहेब आले. नाना वहीत ठाण्याची बदनामी लिहितायत, असे कुणीतरी त्यांचे कान भरले आणि वही चौकशीसाठी जप्त झाली. पहिल्या दिवशी नाना हसले. "आयला, माझ्याच गोष्टीत मी आरोपी!" मग दोन वर्षं ठाण्यात खेटे घालत राहिले. "बघू", "साहेब बंदोबस्ताला गेलेत", "उद्या या". पुढे पुढे चहा थंड आला तरी ते काही बोलेनासे झाले. मी नवी वही आणून दिली, ती कोरीच राहिली. मला बघवत नव्हतं.

एका दुपारी ठाण्यातला हवालदार घाईघाईनं आला. "शेठ, जप्तीचा जुना मुद्देमाल जाळलाय, पंच म्हणून सही द्या. आणि दोन झेरॉक्स मारा." ठाण्यासमोरचे आम्ही दुकानदार नेहमीचेच पंच. मी सही केली, कागद काचेवर ठेवला. बाकावरच्या नानांनी जुन्या सवयीनं एक प्रत उचलली.

"'एक निळी वही, हस्तलिखित, निरुपयोगी,'" त्यांनी वाचलं. मग खालची ओळ, "'पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे.'" त्याखाली माझी सही होती.

कागद परत घ्यायला मी हात पुढे केला.

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "झालं बघ शेवटचं प्रकरण," म्हणाले. "काढली ना झेरॉक्स?"

नंतर ते दुकानात आले नाहीत. चार महिन्यांनी गेलेच.

हवालदार अजून येतो. आता मी प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो. आणि सही करतो. दुकान ठाण्यासमोर आहे.