मानाय सियांग, सेनेटर आणि तीन नंबरचा सिग्नल

त्या दिवशी मी गावकचेरीच्या कर्ण्यावरून वादळाचा एक नंबरचा सिग्नल जाहीर केला, तेव्हा आमच्या गावाला दोन नंबर लागून बराच वेळ झाला होता. वादळ जवळ आलं की वेधशाळेचं बुलेटिन दर तीन तासांनी बदलतं, आणि मी सकाळचं बुलेटिन दुपारी वाचलं. आवाज मात्र उत्तम लागला होता.

गावाला फारसा फरक पडला नाही, कारण ऊन होतं. ऊन असलं की आमच्या कातान्दुआनेस बेटावरची माणसं सिग्नल ऐकून आकाशाकडे बघतात आणि हसतात. एक नंबर म्हणजे वारा छत्तीस तासांत येणार, दोन म्हणजे चोवीस, तीन म्हणजे अठरा. आत्ता सुटलाय असं वेधशाळा म्हणतच नाही. हे तासही सिग्नल पहिल्यांदा लागतो तेव्हाचे; पुढे वादळाने पाय उचलला की तेवढेही मिळत नाहीत.

फरक पडला तो मानाय सियांगला.

मानाय म्हणजे थोरली बहीण, पण वडीलधाऱ्या सगळ्याच बायकांना आम्ही तेच म्हणतो. सियांग विधवा, घर किनाऱ्याला लागून, आणि घरामागे सेनेटर. सेनेटर हा तिचा नर डुक्कर. आसपासच्या गावांतल्या डुकरिणींकडे ती त्याला दोरी लावून चालवत न्यायची, आणि तिची चूल त्याच्यावर पेटायची. नाव नवऱ्याने ठेवलेलं. का ठेवलं म्हणून विचारलं तर म्हणायची, "खातो आणि घोरतो. अजून काय ठेवायचं?"

सिग्नल ती पायरी-पायरीने पाळायची. एकला तांदूळ, सुकी मासळी, मेणबत्त्या आणि पाण्याचं पिंप. दोनला छपरावरून दोर टाकून खुंट्यांना आवळायचे. तीनला सेनेटरला टेकडीवर न्यायचं. पुढच्या पायरीचं काम आधी करायची नाही. एकदा केलं होतं, तर वादळ दुसऱ्याच बेटावर गेलं आणि लोक महिनाभर तिच्या दोरांवर कपडे वाळत घालत होते.

तर माझा एक नंबर ऐकून तिने मेणबत्त्या आणल्या आणि स्वस्थ बसली. पुढचं बुलेटिन आलं ते थेट तीन नंबरचं.

कर्ण्यावर परत न जाता मी तिच्याकडेच धावलो. वारा तोपर्यंत सुटला होता.

"मानाय, तीन लागलाय."

"दोन कुठे गेला?"

"तो... लागला होता."

"कधी?"

मी छपराकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "छप्पर राहू दे. पत्रे मिळतील. सेनेटर मिळणार नाही."

पण सेनेटर गोठ्यातून हलेना. पत्रे खडखडायला लागले तसा तो कोपऱ्यात जाऊन बसला. आम्ही ओढलं, ढकललं, केळी दाखवली. समुद्र कुंपणापर्यंत आला होता. सिग्नल वाऱ्याचा असतो, लाटांची सूचना वेगळी येते, आणि ती मी वाचलीच नव्हती.

"त्याला एकाच कामासाठी चालायची सवय आहे रे," मानाय म्हणाली. "जा, कुठून तरी डुकरीण घेऊन ये."

जवळची डुकरीण आमच्या गावप्रमुखांची, म्हणजे कॅप्टन रोदोरांची. कॅप्टनबाई टेकडीवरच्या शाळेत आसऱ्याला आलेल्या लोकांना चटया वाटत होत्या. विचारायला टेकडी चढणं, मग उतरणं, एवढा वेळ नव्हता. मी डुकरीण सोडली.

ती पुढे, तिच्यामागे सेनेटर, त्याच्यामागे दोरी धरून मानाय, अशी मिरवणूक पावसातून टेकडी चढली. सेनेटरने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शाळेच्या वर्गात डुकरांना बंदी, म्हणून मागच्या सिमेंटच्या खोलीत, जिथे मोडकी बाकं ठेवतात, दोघांना कोंडलं.

"एकाच खोलीत?" मी विचारलं.

"तुला दुसरी दिसतेय?"

वादळ गेल्यावर मानायचं छप्पर नारळीच्या बागेत सापडलं आणि गोठा सापडलाच नाही. सेनेटर ठणठणीत होता. ती त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चल, घर बघू." घरात त्यातल्या त्यात पिंप जागेवर होतं.

पुढे दिवस भरल्यावर कॅप्टनच्या डुकरिणीला पिल्लं झाली. आमच्याकडे रिवाज असा की नर आणला की त्याच्या मालकाला एक पिल्लू द्यायचं. मानाय टोपली आणि मला घेऊन कॅप्टनच्या दारात गेली.

"मी बोलावलं होतं का तुझ्या डुकराला?" कॅप्टन म्हणाल्या.

"मग काय तो स्वतः चिठ्ठी पाठवून आला?"

"माझी डुकरीण न विचारता नेली. कोणी नेली त्याला विचार."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. असं पिल्लू माझ्या अंगावर आलं. माझ्याकडे डुक्कर नाही, आणि कॅप्टन मला विकतही देत नाहीत, तत्त्वाचा प्रश्न म्हणून.

आता सिग्नल लागला की मानायचा कर्ण्यावर भरवसा नसतो. ती कचेरीत येते, बुलेटिन हातात घेते, वरची वेळ दोनदा वाचते. मग कागद परत देत विचारते, "आणि माझं पिल्लू?"

"नाताळला, मानाय."

"कुठल्या?" म्हणते, आणि छपराचे दोर आवळायला जाते.