विकणे आहे: गिटार, फारशी न वाजवलेली

दवाखान्यात तिला सगळे श्वासबाई म्हणत. तळमजल्यावरच्या एक्स-रेच्या खोलीत ती वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलत आली होती, "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा." माणूस श्वास सोडायचा आणि बाई पुढच्याला टेबलावर घ्यायला लागायची. म्हाताऱ्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायचं, पाय मोडलेल्याला कुशीवर वळवायचं, रडणाऱ्या पोराला गप्प करायचं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत खांदे भरून आलेले असायचे आणि बोलायचंही जिवावर यायचं.

अशा बाईच्या घरात गिटार आली ती एका वाक्यामुळे. भाचीच्या लग्नात कोणीतरी पोरगा गिटार वाजवत होता. बाई चपला काढून, पाय मोकळे करून खुर्चीत टेकली होती. शेजारी बसलेल्या नवऱ्याला ती सहज म्हणाली, "किती छान वाजवतोय, नाही?" म्हणाली आणि विसरून गेली.

नवरा विसरला नाही. त्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती तडीस नेल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. लेकीशी फोनवर गुपचूप ठरवून त्याने बायकोच्या वाढदिवसाला भलीमोठी काळी पिशवी घरात आणली. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, साधी गिटार कशाला नेताय, ही स्पीकरला जोडली की हॉलभर ऐकू जाते. ते त्याला पटलं. "उद्या तुला कोणी स्टेजवर बोलावलं तर अडायला नको," तो म्हणाला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. आपल्यासाठी कोणी एवढा खटाटोप केला, याचं ते पाणी होतं.

मग दर रविवारी क्लास सुरू झाला. स्टेशनरीच्या दुकानावर एक खोली होती, तिथे एक सडपातळ सर शिकवत. बाईच्या बोटांना तारा रुतायच्या. चार बोटं चार ठिकाणी ठेवेपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असायचं. खूप दिवसांनी तिला एक धून यायला लागली, तीही गचके खात. पण घरात तिचं कोण कौतुक! कोणी आलं की नवरा टीव्हीचा आवाज बंद करून म्हणायचा, "अगं, वाजव ना." नणंद सगळीकडे सांगायची, "आमची वहिनी या वयात गिटार शिकतेय, बरं का!" लेक फोनवर म्हणायची, "आई, सोडू नकोस हं." बाई हसून मान डोलवायची.

एका रविवारी ती क्लासच्या जिन्यापाशी आली आणि तिचा पाय उचलेना. पाठीवरची गिटार उतरवून ती खालच्या पायरीवरच बसली. रडू वगैरे काही आलं नाही. मोडलेलं हाड फिल्मवर दिसावं इतकं स्पष्ट तिला दिसलं, की मला हे नको आहे.

त्या आठवड्यात नवरा दुकानात असताना तिने गिटार पलंगावर ठेवली, फोनवर फोटो काढला आणि जुन्या वस्तू विकायच्या साइटवर टाकला. खाली लिहिलं, "विकणे आहे. गिटार, फारशी न वाजवलेली. स्पीकरला एकदाही जोडलेली नाही. पिशवीसकट."

मेसेज यायला लागले. कोणी विचारायचं, "आहे का?" ती लिहायची, "आहे." पुढे काहीच नाही. कोणी लिहायचं, "शेवटचा भाव बोला," आणि ती बोलली की गडप. एकाला गिटारच्या बदल्यात व्यायामाची सायकल द्यायची होती. एका बाईने तर लिहिलं, "ताई, का विकताय? या वयात आवड सोडू नये." श्वासबाईने फोन उपडा ठेवला. आता परक्या माणसांनाही तिची काळजी पडली होती.

दोन-तीन दिवसांनी ती भाजी निवडत असताना नवरा फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आला.

"अगं, ही चादर आपली आहे ना?"

बाईने पाहिलं. निळी चादर, कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग.

"हो."

"आणि गिटार?"

"तीही आपलीच."

तो समोर बसला. "पैशांची काही अडचण आहे का?"

"नाही."

"सर काही बोलले?"

"नाही हो. ते बिचारे कधीच काही बोलत नाहीत."

"मग?"

"मला येत नाही ती. आणि आली तरी मला नकोय. आठवडाभर मी उभी असते. एक रविवार हाताला लागतो, त्यात बोटं सोलून घ्यायची."

"पण तूच म्हणाली होतीस..."

"छान वाजवतोय, असं म्हणाले होते. मला शिकायचंय, असं कुठे म्हणाले होते?"

त्याने फोन खाली ठेवला. "मग एवढे दिवस गेलीस कशाला?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलीत म्हणून."

त्याने समोरच्या भाजीतली एक काडी उचलून मोडली. मग तो हळूच म्हणाला, "मी त्या साइटवर स्पीकर बघत होतो. तुझ्यासाठी. सेकंडहँड."

बाईला वाटलं, राहू दे ती गिटार घरात. पण माघार घेण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "नका बघू," ती म्हणाली.

तो उठला, आत गेला, आणि तिकडूनच त्याचा आवाज आला, "फोटो तरी नीट काढायचास. असल्या फोटोवर कोण घेणार?" मग त्याने गिटार पुसली, खिडकीपाशी उभी केली आणि स्वतः नवे फोटो काढले. तरी पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

शेवटी एक माणूस आला. हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर गाणी म्हणणारा, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्याने स्वतःचा छोटा स्पीकर आणला होता. वायर जोडली तर नुसती खरखर. त्याने गिटारच्या बाजूचं, सेल घालायच्या जागेचं झाकण उघडून पाहिलं.

"आतला सेल पाझरलाय."

"असा कसा पाझरेल?" नवरा उखडला. "त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही!"

"म्हणूनच, दादा."

त्याने फडक्याने आतली जागा पुसली, खिशातला नवा सेल घातला आणि वाजवायला लागला. मोठा, भरदार आवाज खोलीभर पसरला. तो काही जीव ओतून वाजवत नव्हता, पंपाचा आवाज तपासावा तसं वाजवत होता. तरी नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पैशांचं बोलणं निघालं तेव्हा तो हटून बसला, सेल पाझरला म्हणून एक छदामही कमी करेना.

"जाऊ दे हो," बाई म्हणाली. "न्या तुम्ही."

नवऱ्यानेच पिशवी खाली नेऊन स्कूटरला बांधून दिली. वर आल्यावर तो म्हणाला, "चांगली वाजत होती."

"हो."

"म्हणजे गिटारमध्ये खोट नव्हती."

"मुळीच नव्हती हो."

पुढच्या रविवारी बाई रिकाम्या हाताने क्लासला गेली. न सांगता जाणं बंद करावं, हे तिला बरं वाटेना. सर तारा बदलत बसले होते. तिने सांगितलं तसं ते सवयीने म्हणाले, "काकू, इतक्यात हार मानू नका, अजून थोडा सराव..." आणि मध्येच थांबले. तिचा चेहरा पाहिला असेल, किंवा तेही दमले असतील.

"बसा," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

थर्मासमधला चहा त्यांनी झाकणात ओतून तिला दिला आणि स्वतः पेल्यात घेतला. चहा कोमट होता.

"खरं सांगू? इतके जण आले नि गेले. येऊन सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे नुसते यायचे बंद होतात. मी आपला वाट बघत बसतो."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं ना," ते म्हणाले. "पण वाट बघायची नाही, हेही काही कमी नाही."

जिन्यावर पुढच्या विद्यार्थ्याची पावलं वाजली. बाईने झाकण विसळून ठेवलं आणि भिंतीचा आधार घेत ती सावकाश जिना उतरली.