आधी आई बसेल

शोभे, फोन नीट कानाला लाव. तुझं उमरी गाव लांब पडलं, हात पुरत नाही, नाहीतर कानच धरला असता तुझा. लेकराला ऐकू येत नाही म्हणून शाळेनं परत पाठवलं, आणि तू गप घरात घेऊन बसलीस? वर मलाच सांगतेस, "मावशी, वकील लावायचा म्हंजे वावर विकावं लागतंय." आमच्या वकीलबाई तू पाहिल्या नाहीस, म्हणून असं बोलतेस.

त्यांची एक खोड होती. कुठल्याही ऑफिसात गेल्या तरी लेकराची आई बसल्याशिवाय त्या बसायच्या नाहीत. साहेब असो, शिपाई असो, "आधी आई बसेल" म्हणायच्या आणि भिंतीसारख्या उभ्या राहायच्या.

आमची गाठ पडली ती मुक्तामुळं. माझ्या या नातीच्या पायांत बळ नाही, ते सगळं जिभेत आलंय. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, म्हणून हेडमास्तर म्हणाले, "हिला लातूरच्या वसतिगृहात ठेवा." एवढंसं लेकरू, आईला सोडून लातूरला! माझी सून गोदा जेवेना. मी पाटल्या रुमालात बांधल्या आणि अर्धापूरहून नांदेडचं कोर्ट गाठलं. तिथं मोफत वकील देणारं कार्यालय असतं. त्यांनी या बाई दिल्या. डोक्यावर ओढणी, अंगात काळा कोट.

"अम्मा, पहले बैठो," म्हणाल्या. मी रुमाल सोडला.

"पाटल्या हातात घाला. बाई, लेकरू, दिव्यांग, सगळ्यांना वकील फुकट मिळतो. माझी फी सरकार देतंय. तुमच्याकडनं घेतली तर मी वकील कसली?" मग माझं मनगट पाहून म्हणाल्या, "चढवताना साबण लावा, सूज हाय." बांगडीवाल्याची लेक ती!

मग आम्ही शाळेत गेलो. टेबलापुढं दोनच खुर्च्या. गोदानं कधी सरांपुढं, सासूपुढं बूड टेकलेलं नाही. "मी उभीच बरी," म्हणत पदर चावायली. वकीलबाई बसेनात. त्या बसेनात म्हणून हेडमास्तरही उठून उभे राहिले. शेवटी मीच ओरडले, "बस की गं माय! तुझ्यापायी समदे ताटकळायलेत, गुडघे गेले माझे."

गोदा बसली. तोंडातला पदर काढला. मग म्हणाली, "सर, चौथीपर्यंत लेकरू तुम्हाला जड झालं न्हाई. जिना तुमच्या शाळेचा हाय. मग घर मुक्तानं का सोडायचं?"

माझी सून, शोभे! लग्न झाल्यापासून एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

वकीलबाईंनी आवाज न चढवता कायदा सांगितला: लेकरू शाळेबाहेर जात नसतं, सोय शाळेत यायला पाहिजे, नाहीतर तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं जाईल.

"मग तिसरीची पोरं वर न्यावी लागतील," हेडमास्तर पुटपुटले.

"न्या की!" मी म्हणाले. "त्यांना हुंदडायला जिनाच पायजे."

हेडमास्तरांना हसू आलं, आणि पुढच्या सोमवारी पाचवी खाली आली.

परतताना ऑटोत मी वकीलबाईला विचारलं, "हे खुर्चीचं काय खूळ गं तुझं?" म्हणाली, "अब्बांच्या दुकानात बाई आधी बसती, मग हात देती. उभ्या बाईचा हात आखडलेला असतोय, अम्मा. बांगडी फुटती. बोलण्याचंबी तसंच."

केळीचा घड दिला तर तो फीमध्ये धरला जाईल म्हणाली. तिथंच दोन केळी सोलून खाल्ली. "ये तो नाश्ता हुआ."

आता ती लातूरला वकिली करते. ज्या लातूरच्या नावानं आमच्या घरात रडारड झाली, तिथून सणासुदीला तिचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "मुक्ता कुठं बसती?" मुक्ता ओरडून सांगते, "पहिल्या बाकावर!"

तर शोभे, रडणं पुरे. लेकराला घेऊन लवकर ये. आधी नांदेडच्या त्या कार्यालयात जाऊ, मग तुझ्या शाळेत. खुर्ची एकच असली तर तू बस. उभं राहायला मी आहे.