जवसाचं पाणी आणि आत्याचे केस

आमच्या बोरिवलीच्या घरात एकेकाळी दोन बोडकी डोकी होती. एक माझं, एक आत्याचं. माझं विषमज्वरानं झालेलं. मूठमूठ केस गळायला लागले तेव्हा आईनं रडत रडत कात्री चालवली. आत्याचं मात्र माणसांनी केलेलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, आणि त्या चौदा वर्षांच्या पोरीला अंगणात पाटावर बसवून न्हाव्यानं तिचे केस उतरवले. मग दर महिन्याला न्हावी येतच राहिला. लाल आलवण नेसून, कोकणातल्या सासरी सासूच्या हाताखाली राबत आत्या चाळिशीला आली. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं. मेल्यांनो, केसांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?

सासू गेली तसे बाबा जाऊन तिला घेऊन आले. बाबा तिचे धाकटे भाऊ. "अक्का, या घरात न्हावी पाऊल टाकणार नाही," एवढंच म्हणाले. आलवणाच्या जागी पांढरी सुती लुगडी आली. डोक्यावरचा पदर मात्र तसाच राहिला. "केस वाढू देत, मग मी आपणहून काढीन," ती म्हणायची. स्टेशनाजवळच्या महिला मंडळात लहान मुलांचा वर्ग भरायचा, तिथं तिला गोष्टी सांगायला बोलावलं होतं. आत्याला जायची फार हौस. पण जायचं ते उघड्या डोक्यानं, चारचौघींसारखं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. मुलं पदर ओढतील नि खाली काय आहे म्हणून बघतील, ही तिला धास्ती.

केस वाढले. आणि असे वाढले म्हणता! दोघींचे अगदी एकाच साच्यातले. आखूड, राठ, चहूकडे पिंजारलेले. शाळेत मला 'काथ्या' म्हणायचे. मी पहिल्यापासून तोंडाळ, म्हणणाऱ्याची तिथल्या तिथं हजेरी घ्यायचे. आत्या कुणाशी भांडणार? ती बिचारी चुळकाभर खोबरेल थापायची आणि उवांच्या फणीनं केस खालीवर ओढत बसायची. फणी धरायची तीसुद्धा खोवणीवर नारळ खवल्यासारखी. दिराच्या, नणंदांच्या पोरींच्या वेण्या घालण्यात तिचा जन्म गेला होता, स्वतःच्या डोक्यावर फणी कशी धरतात ते तिला ठाऊकच नव्हतं. तासाभरात तेल उतरायचं नि केस पुन्हा ताठ. "राहू दे गं," ती म्हणायची, "लोक हसतील. पदर आहे तेच बरं."

उपाय सापडला तो माझ्या कंटाळ्यामुळे. एका रविवारी शिकेकाईनं न्हाले आणि आईनं लगेच पापड लाटायला बसवलं. विंचरायला कुणाला वेळ होता? बाबांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा ओल्या डोक्याला गुंडाळला आणि विसरून गेले. दुपारी सोडला तर केस खाली बसलेले, आणि कानापाशी चक्क वळणं! आत्या बघतच राहिली. "काय लावलंस गं?"

"काही नाही. फणी लावली नाही, एवढंच."

पण ती वळणं संध्याकाळपर्यंत उतरली. माझ्या वर्गात मूळची मनोरीची, मावशीकडे राहून शिकणारी एक ख्रिस्ती मुलगी होती. तिचे केस आखूड, आणि कसे मऊ लाटांसारखे वळलेले. तिला विचारलं. ती म्हणाली, "जवस उकळ नि त्याचं पाणी लाव. ओल्यावर बोटाला बट गुंडाळायची, आकडा लावायचा आणि आपलं काम करायचं. वाळेस्तोवर हात लावू नकोस, बस."

घरी येऊन आईला सांगितलं. आई घाटावरची. जवस म्हटलं की तिचा हात आपोआप तव्याकडे जायचा. तिनं आधी तो खमंग भाजला आणि मग उकळला! पाण्याला ना चिकटपणा ना काही. आम्ही आपलं लावलं तेच डोक्याला. वळणं राहिली बाजूला, आत्याच्या डोक्याला चटणीचा वास सुटला. बाबा जेवायला बसले नि म्हणाले, "आज चटणी केलीय वाटतं? वाढा की." आत्या हसून हसून भिंतीला टेकली. मी तिला इतकी हसताना पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या खेपेला जवस कच्चाच उकळला. अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाटसर पाणी झालं, ते फडक्यातून गाळलं. आईला खरं तर या सगळ्याची भीती वाटत होती. "वन्सं, लोक काय म्हणतील हो?" असं दिवसातून एकदा तरी म्हणायची. पण आत्यानं मंडळात जायचं ठरलं त्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच्या अंबाड्यातले आकडे काढून माझ्या हातावर ठेवले. "घे, त्यांना पुरायचे नाहीत तुझे." स्वतः दिवसभर केसांची गाठ मारून वावरली.

त्या दिवशी दुपारी चारला आत्या मंडळात जाणार होती. न्हाऊन, जवसाचं पाणी लावून, बटा पिळून, फडकं बांधून ती मागल्या दारी तांदूळ निवडत बसली. आणि बाराच्या सुमाराला पुढच्या दारात कोण उभं? तिचे धाकटे दीर! गावाहून डॉक्टरला दाखवायला मुंबईत आलेले. डोक्यावर काळी टोपी, हातात आमसुलांची पिशवी. घ्या! यायला हाच मुहूर्त सापडला.

आई धावत मागल्या दारी आली. "वन्सं, पदर घ्या आधी!"

आत्याचं तोंड पांढरं पडलं. मी म्हटलं, "घेऊ नकोस. डोकं तुझं आहे ना?"

"डोकं माझं गं," ती हळूच म्हणाली, "पण भाऊजी माझ्या हातचं जेवून वाढलेत. परक्यांनी नावं ठेवली तर सोसेन. त्यांनी नको म्हटलं ना, तर मला परत कधी व्हायचं नाही हे."

त्यांचं जेवण झालं. बाबांनी वाढलं, आत्या पुढं आलीच नाही. दीर दोनदा म्हणाले, "वहिनी कुठायत?" शेवटी चहाची वेळ झाली. आत्यानं फडकं सोडलं. एकेक आकडा काढला. मी तळव्याला खोबरेलाचे दोन थेंब चोळून तिच्या केसांतून नुसती बोटं फिरवली. कपाळावरून कानापर्यंत मऊ, सैल लाटा उतरल्या होत्या. तिनं पदर खांद्यावरून पुढं घेतला, कमरेला खोचला आणि चहाचा कप उचलला. तशीच ती पुढच्या खोलीत गेली.

दिरांनी कप घेतला. वर पाहिलं. कप तसाच खाली ठेवला. बाबा खाकरले. मी दाराआड उभी. हे काही वाकडं बोलले तर काय सुनवायचं ते मी तोंडात तयार ठेवलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "असेच होते."

"काय, भाऊजी?"

"केस. लग्न होऊन आलात तेव्हा. मी सहा-सात वर्षांचा असेन. तुम्ही निवडत-टिपत बसायचात आणि मी मागून तुमची बट ओढून सोडायचो. ती परत गोल व्हायची. तुम्ही ओरडायचात मला." त्यांनी टोपी काढली आणि तिच्याकडेच बघत बसले. "त्या दिवशी मला गोठ्यात कोंडलं होतं. मी दार बडवत होतो. नंतर अंगणात आलो तर तुमचे केस पडलेले होते."

 टोपीनंच त्यांनी डोळे पुसले.

आत्या त्यांच्यासमोर खाली बसली. "मला आठवतच नव्हते हो, भाऊजी," ती म्हणाली. "माझे केस कसे होते, इतकी वर्षं आठवून बघत होते. सरळ होते की कुरळे, तेच आठवेना. विचारणार कुणाला?"

आणि मग ती रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझी तयार ठेवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली, मीही दाराआड हमसून हमसून रडले.

थोड्या वेळानं तिनं मला खुंटीवरचा आरसा आणायला सांगितला. दारात, उजेडाला धरून पुष्कळ वेळ बघितलं. मग तोंड धुतलं.

"चला वहिनी," दीर चपला घालत म्हणाले, "मंडळापर्यंत मी येतो सोबत."

ती दोघं पुढं, मी मागं. ओट्यांवरच्या बायका टकामका बघत होत्या. कोपऱ्यावर समोरून माणसं येताना दिसली तसा आत्याचा हात सवयीनं पदर ओढायला डोक्याकडे गेला. तिथं पदर नव्हता. हाताला केस लागले. आत्या चालत राहिली, हात मात्र तिनं बराच वेळ तिथंच ठेवला.