पहिलं पाणी शाळेला

आमच्या घरी पाणी आधी हुंगतात, मग भरतात. नळ सहाव्या दिवशी येतो. पहिल्या दोन-तीन बादल्या नालीत सोडायच्या. मग आई स्टीलच्या पेल्यात थोडं पाणी धरते, वर तळहात ठेवून हलवते आणि नाकाशी नेते. होळीनंतर पाण्याला शेवाळाचा वास येतो. ऊन तापलं की धरणाच्या तळाचा, चिखलाचा. मृगानंतर ब्लीचिंगचा, दवाखान्यात गेल्यासारखा. दिवाळी ते संक्रांत मात्र कसलाच नाही. तेव्हा आई म्हणते, "आता कुठं पान्याले पान्याचा वास हाये."

चिखलीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली. तिथे वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "तुम्ही पाणी हुंगून पिता? ढोरांसारखं?" हो, हुंगून पितो. रोज नळ येणाऱ्यांना नाकाची गरज पडत नसेल. आम्हाला पडते. त्यात लाजायचं काय, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

माझी आई गावच्या शाळेत खिचडी शिजवते. अकरा वर्षं झाली. अमडापूरच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेला कढीपत्ता टाकते, कोणी सांगितलेलं नसताना. माझी डिग्री झाली त्या वर्षी, जुलैत, लेकरं ताटात खिचडी ठेवून उठायला लागली. म्हणे नालीचा वास येतो. दोन दिवसांत ते गावभर झालं, आणि गावभर होताना बदललंही. आता वास खिचडीचा राहिला नव्हता, आईच्या हातांचा झाला होता. बाई हात धूत नाही, भांडे घासत नाही.

शाळा समितीचा अध्यक्ष घरी आला. बोलायला मोठा गोड माणूस.

"काकू, वय झालं आता तुमचं. आराम करा. दुसरी बाई पाहू आपण."

"काऊन? वय काय परवाच्या दिवशी झालं का माह्यं?"

"मी नाही म्हणत हो. लेकरं म्हणून राह्यले."

पुढच्या शनिवारी पालकांची सभा होती, तिथे ठरणार होतं. तो गेल्यावर आई परसात जाऊन बसली. मी पाहिलं तर ती स्वतःचेच हात हुंगत होती. आधी उजवा, मग डावा. तिथेच मी ठरवलं, की हे असं होऊ द्यायचं नाही.

आणि पहिल्याच फटक्यात चुकले. ब्लीचिंग जास्त पडतंय, त्याचाच हा वास, असा अर्ज मी घरात बसून लिहिला आणि पंचायतीत नेऊन दिला. पाणी सोडणारे काका हसले, पण पाण्याच्या पुढच्या पाळीला त्यांनी ब्लीचिंग अर्धं टाकलं. त्या दिवशी शाळेतल्या खिचडीला वास दुप्पट आला. आई घरी आली ती ताठ उभी राहिली माझ्यासमोर.

"नालीचा वास येते म्हनतात लेकरं, अन् तू लिहून राह्यली दवाखान्याचा. कॉलेजात नाक घेऊन गेलती का घरी ठेवून?"

सभेच्या आधीची एकच पाळी उरली होती. उजाडताच आईकडची किल्ली घेऊन मी शाळेत गेले. त्याच उन्हाळ्यात अध्यक्षाने शाळेसाठी नवी लाईन टाकली होती. 'पहिलं पाणी लेकरांचं' म्हणत नारळ फोडला होता. टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला, की गावात कुठेही जायच्या आधी पाणी शाळेच्या जमिनीतल्या हौदात पडायचं. हौदावर झाकण, शाळेला कुलूप. आई दहाला यायची, तोवर हौद काठोकाठ. मी झाकण सरकवलं आणि पाइपखाली बाटली धरली. आधी नुसती हवा फुसफुसली. मग काळपट पाणी आलं, आणि नाल्याचा असा भपकारा, की मी तोंड फिरवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाच दिवस पाइप रिकामा असतो. पावसाळ्यात त्याच्यावरूनच गावची नाली वाहते, आणि जिथे सांधा ढिला तिथून आत झिरपते. पहिलं पाणी ते सगळं पुढे ढकलत आणतं. म्हणून तर घरोघरच्या बाया ते सोडून देतात. शाळेत सोडायला कोणी उभंच नव्हतं. आई दहाला हुंगायची तोवर ते हौदभर पाण्यात मिसळून ब्लीचिंगखाली दबलेलं असायचं, आणि वास शिजल्यावरच वर यायचा. जे पाणी आम्ही म्हशीला दाखवत नाही, ते आम्ही मान म्हणून शाळेला देत होतो. दहा मिनिटांनी मी दुसरी बाटली भरली. तिला नेहमीचा ब्लीचिंगचा वास होता, बस.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात सगळे सतरंजीवर बसले. मी अध्यक्षासमोर दोन पेले ठेवले, वर झाकण्या.

"पोरी, ही काही प्रयोगशाळा नाही."

"म्हणून तर पेले आणले. हुंगा भाऊ."

त्याने पहिला उचलला आणि मान मागे घेतली. "कुठलं आणलं हे?"

"तुमच्या मानाचं. शाळेच्या नळाचं पहिलं."

"अन् हे?"

"तोच नळ. दहा मिनिटांनी."

मागून एक बाई म्हणाली, "अवं मा, पहिलं पानी सोडतच नाई का इथं?" दुसरीने तिला कोपर मारलं. "लाईन मानसांनी टाकली ना. त्यायनं कधी पानी भरलं?" बाया हसल्या. पुरुष छताकडे पाहू लागले.

अध्यक्षाला ते लागलं. "ब्लीचिंग कमी करा म्हणून अर्ज मात्र शिकलेल्यांचाच होता."

"होता. माझा होता, आणि चुकीचा होता. मी इथे सगळ्यांसमोर मान्य करते. आता तुमचं तुम्ही मान्य करा."

पाहता पाहता ठरलं. हौद उपसून घासायचा. पाइपला हौदाबाहेर एक तोटी बसवायची, पाळीच्या दिवशी गुरुजींनी आधी ती उघडायची. अध्यक्ष उठता उठता म्हणाला, "अन् काकूला राहू द्या कामावर."

आई उभी राहिली. पदर खोचलेला होता, कामावर असतो तसा.

"राहू द्या नका म्हनू. पंधरा दिवस गावात माह्या हाताचा वास फिरला. तो हाताचा नव्हता, पान्याचा होता, एवढं सांगा अन् मग जा."

तो सतरंजीकडे पाहत पुटपुटला, "बरं. वास पाण्याचा होता."

"मांगच्या बायाईले ऐकू नाई आलं, भाऊ."

त्याने मागच्या बायांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्याने.