शर्टाचा तुकडा, नंबर बावीस

शिवणवाली पोरगी आधी कशी होती, ते गल्लीला विचारा. अख्ख्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ. "काकू, कंबर दोन बोटं वाढलीय बरं का," असं टेप न लावता सांगायची. काकू चिडायच्या, कारण ते खरं निघायचं.

पूर आला तेव्हा ती सोळाची होती. आता अठराची आहे, आणि मशीनवर बसल्या बसल्या विसरते, बाही डावी शिवायची होती की उजवी. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, येईल हळूहळू आठवायला. हळूहळू म्हणजे किती, ते त्यांच्या बापालाही ठाऊक नसावं. पाण्याचं मात्र सगळं आठवतं. चिखलाचा वास, दारावरचे धक्के, हातातून सुटलेलं धाकट्या भावाचं मनगट. फक्त मनगटच. त्याचा चेहरा नाही, आणि त्या दिवशीची सकाळही नाही.

आईला नेमकी तीच सकाळ हवी होती. आई इस्पितळात आया. त्या दिवशी रात्रपाळी संपवून ती घरी पोचायच्या आत पाणी पोचलं. फोटोबिटो सगळे वाहून गेले. धाकट्याच्या अंगावर काय होतं, हे एकट्या या पोरीलाच माहीत असणार. त्याचे कपडे तीच शिवायची, तीच घालून द्यायची.

बेवारस प्रेतं पालिकेने नंबर टाकून पुरली होती आणि प्रत्येकाच्या कपड्याचा तुकडा पाकिटात ठेवला होता. दोन वर्षं आई तिला तिथे नेत होती. आज शेवटचा दिवस. उद्यापासून थडग्यांवरचे नंबर निघणार आणि सगळ्यांवर मिळून एकच दगड बसणार.

कारकून बिचारा भला माणूस. त्याने लहान मुलांची पाकिटं टेबलावर पुन्हा मांडली आणि पंखा बंद केला, तुकडे उडू नयेत म्हणून.

"घाई नाही, बाळा. नीट बघ."

ती बघत राहिली. डोकं नुसतं रिकामं. शेजारी आई पदराचं टोक पिळत होती. एवढ्याशा बाईने दोन वर्षं काळजावर दगड ठेवून कशी काढली असतील, देव जाणे.

"आठव ना गं," आई म्हणाली. "मला फक्त त्याच्यापाशी जाऊन बसायचंय."

पोरीने बावीस नंबर उचलला. हिरव्या चौकड्यांचा. काज मशीनवर केलेलं होतं. ती आयुष्यभर काजं हातानेच करत आली होती. स्मरण गेलं तरी हात खोटं बोलत नाही. हा शर्ट तिने शिवलेला नव्हता. कुणाचं तरी दुसरंच पोर होतं हे, आणि त्याचीही आई कुठेतरी असणार.

"हाच," ती म्हणाली.

कारकुनाने नाव लिहून घेतलं. आई तिथेच फरशीवर बसली आणि तुकडा तोंडाशी धरून पोटभर रडली.

परतताना बसमध्ये आईने हळूच विचारलं, "सकाळी हसत होता का गं तो?"

"हो. खूप."

तेवढ्यात तो तिला खरंच दिसला. हिरव्या चौकड्यांच्या शर्टात, हसताना. तिने डोळे गच्च मिटले, शर्ट पुसून पाहिला, त्याच्यामागे दुसरा कुठला रंग आहे का ते शोधून पाहिलं. शर्ट गेला की चेहराही जायचा. म्हणून घरी पोचेपर्यंत तिने तो शर्ट तसाच राहू दिला.